हे साहित्य नाही म्हणणाऱ्यांना



साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षानं मराठीच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मीही त्यावरच बोलणार आहे, पण रॅपच्या निमित्तानं. हे कळल्यापासून मला समजावायला येणाऱ्यांची रांग लागली. "हे साहित्य नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. सांगणारे माझे जुने मित्र आहेत, त्यांची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. त्यांच्याशी मी आज जाहीरपणे भांडणार आहे, कारण हा वाद चहाच्या टेबलावर मिटवण्याजोगा नाही.

आपण कुठं बसलोय ते आधी आठवा. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यातल्या एकट्या वाळवा तालुक्याकडं बघा. रेठरे हरणाक्षला १८६६ साली श्रीधर कुलकर्णी नावाचा मुलगा जन्मला. ब्राह्मणाचं घर, कुलकर्णीपण दारात. तो तमाशात गेला, महार समाजातल्या पवळाबरोबर फडावर उभा राहिला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याच तालुक्यात वाटेगावला १ ऑगस्ट १९२० रोजी मांगवाड्यात तुकाराम साठे जन्मला, तेच पुढं अण्णाभाऊ झाले. दीड दिवसाची शाळा, मग पायी मुंबई, गिरणी, कामगारवस्ती. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. एका तालुक्यानं अशी दोन माणसं दिली. दोघांचेही फोटो आज आपल्या मागं लावलेत आणि सकाळी आपण त्यांना हार घातले.

मला विचारायचंय ते असं. पठ्ठे बापूराव तमाशात शिरले त्या वर्षी या भागात साहित्यसंमेलन भरलं असतं, तर त्यांना या व्यासपीठावर बसवलं असतं का? पंचवीस वर्षांचे अण्णाभाऊ डफ घेऊन आत आले असते, तर त्यांना कुठली वेळ मिळाली असती? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली, तेव्हा कुठं शिकल्यासवरल्या लोकांना या माणसाकडं वळून बघावंसं वाटलं. त्याआधी जवळजवळ पंधरा वर्षं हजारो कामगार त्यांचं ऐकत होते, आणि ते ऐकणं कुठल्याही वाङ्मयाच्या इतिहासात वेळेवर नोंदलं गेलं नाही. माणूस गेल्यावर हार घालायचा आणि जिवंतपणी त्याला मंडपाबाहेर ठेवायचं, ही आपली सवय आहे. तिचा मला राग येतो.

आता या संमेलनाची कार्यक्रमपत्रिका बघा. कविसंमेलन दुपारी, परिसंवाद सकाळी. या दोन जिल्ह्यांतून स्वतःचं रॅप लिहिणारी जी पोरं बोलावलीत, त्यांना रात्री जेवणानंतर साडेनऊची वेळ, आणि मथळा 'युवा जल्लोष'. मानधनाच्या रकान्यात कवींपुढं आकडा, या पोरांपुढं फक्त 'प्रवासखर्च'. ज्यांनी शब्द लिहिलेत, पाठ केलेत, रात्र-रात्र घासलेत, त्यांना आपण फटाक्यांच्या रांगेत बसवलं. संयोजकांनी हे वाईट हेतूनं केलेलं नाही, हे मी जाणतो. विचार न करता केलं, आणि माझी तक्रार त्याबद्दलच आहे.

दुसऱ्या बाजूनंही एक सोपी पळवाट आहे. रॅप म्हणजे आपला पोवाडाच की, असं म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. मी तसं म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. हिपहॉपचा जन्म न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत, बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत, डीजे कूल हर्कनं तबकड्या लावल्या. तिथून ही गोष्ट सुरू झाली असं मानतात. ती काळ्या आणि कॅरिबियन पोरांची निर्मिती आहे, त्यांचं ऋण आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. पोवाडा दुसऱ्याच्या पराक्रमाची कथा सांगतो. रॅपर 'मी' म्हणून बोलतो. पोवाड्यात मागं झीलकरी असतात, शाहीर दमला की ते ओळ उचलून धरतात. रॅपर घरातल्या एका खोलीत, कानाला हेडफोन लावून, एकटा असतो. शाहिराला समोर माणसं दिसायची, पोराला समोर फोनचा पडदा दिसतो. या दोन गोष्टी एक नाहीत. एक म्हटलं की दोन्हींचा अपमान होतो, आणि मग 'आमच्याकडं आधीपासून होतंच' म्हणत नव्या गोष्टीकडं बघायचं आपण टाळतो.

तरीही आपल्या कानाला हे परकं का वाटत नाही, याला कारण आहे. अठराव्या शतकात अमृतरायांनी कटाव हा प्रकार गाजवला. लांबलचक, घाईघाईच्या लयीत धावणारी रचना, अनुप्रासावर अनुप्रास, श्वास कुठं घ्यायचा ते म्हणणाऱ्यानं ठरवायचं. कीर्तनकारांनी ते पिढ्यान्‌पिढ्या म्हटले. भेदिक शाहिरीत कलगीवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना सवाल टाकायचे, जवाब सुचला नाही तर फडाची अब्रू जायची. राम जोशींनी संस्कृत आणि मराठी एका लावणीत घोळवून दाखवली. वेगानं, नादानं, हजरजबाबीपणानं शब्द फेकायची ताकद मराठीत जुनी आहे. पोरांना ती आयती मिळालीय. ती ते किती वापरतात, हा प्रश्न मी पुढं त्यांनाच विचारणार आहे.

त्याआधी शिव्यांबद्दल. रॅपमध्ये शिव्या असतात, म्हणून तो साहित्याच्या मंडपात नको, असा आग्रह आहे. साताऱ्याजवळ मर्ढे आहे. बा. सी. मर्ढेकरांचं मूळ गाव. त्यांच्या 'काही कविता' या संग्रहावर सरकारनं अश्लीलतेचा खटला भरला होता, त्यातून ते निर्दोष सुटले. आज त्याच कविता एम.ए.ला शिकवतात. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, पुढं ती अटी घालून उठवली. कारण तेच, अश्लीलता. ज्या जिल्ह्यात मर्ढेकरांचं गाव आहे आणि ज्या शेजारच्या जिल्ह्यात कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड होता, तिथल्या लोकांनी अश्लीलतेचा मुद्दा काढताना जरा थांबून विचार करावा.

पण पोरांनो, मी तुमच्या शिव्यांची वकिली करायला उभा नाही. रागातून आलेली शिवी मला चालते. कारखान्यानं ऊस नेला आणि बिल थकवलं, त्या बापाच्या तोंडी जी शिवी येते ती खरी. तुमच्या दहा रॅपांतल्या आठांत जी शिवी असते ती बाईच्या नावानं असते, आणि ती रागातून येत नाही, यमक सापडत नाही म्हणून येते. आळस आहे तो. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातल्या नायगावला सावित्रीबाई फुले जन्मल्या, १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह छापला गेला. त्या जिल्ह्यातल्या पोरानं समोरच्याला हरवायला त्याच्या आईबहिणीला ओढावं, हे मला असह्य होतं. आणि तुमच्यात मुली किती आहेत? महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे, माही जी या नावानं, जंगलावर आणि आदिवासींच्या जगण्यावर रॅप करते. सातारा-सांगलीतून अशी एक मुलगी या मंचावर का आली नाही? संयोजकांनी शोधली नाही की तुमच्या मैफलीत तिला उभं राहणं अवघड होतं? मला दुसरी शंका जास्त वाटते, आणि तिचं उत्तर तुम्हीच देऊ शकता.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे आणि मुंबईचा उमेश खाडे या दोन मराठी रॅपरवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. राज्यातल्या सत्तेच्या उलथापालथीवर आणि जनतेच्या हालांवर त्यांनी रॅप केले होते. त्यांची भाषा तुम्हाला आवडो न आवडो, रचना कच्ची वाटो न वाटो, मराठीत शब्द जुळवले म्हणून पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली. त्या महिन्यात आपल्यापैकी किती साहित्यसंस्थांनी ठराव केला? किती मासिकांनी संपादकीय लिहिलं? हाच प्रदेश इंग्रजांविरुद्धच्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा. कुंडलच्या तुफान सेनेच्या गोष्टी आपण शाळेत सांगतो, शाहीर निकमांच्या डफानं गावं कशी पेटली ते सांगतो, आणि सांगताना छाती फुगवतो. मुंबईतल्या लोकनाट्यांच्या मागं मोरारजी देसाईंचं सरकार कसं लागलं होतं, तेही सांगतो. गाणाऱ्याच्या मागं सरकार लागलं की लिहिणाऱ्यांनी त्याच्या बाजूला उभं राहायचं असतं. राज मुंगासेचं रॅप साहित्य आहे की नाही यावर वर्षभर वाद घाला, मी येईन त्या वादाला. पण त्या एप्रिलात आपण गप्प बसलो असू, तर ते कुठल्या वाङ्मयीन निकषावर बसलो, एवढं मला सांगा.

आणि आता पोरांकडं वळतो. मंडपाच्या मागं कनातीला टेकून उभे राहू नका, पुढं या, कारण हे तुमच्यासाठी आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं मी ऐकलंय. हात चांगला आहे, लय पक्की आहे. पण तोंडातली भाषा कुणाची आहे? 'गली बॉय' हा सिनेमा २०१९ साली आला आणि कराडपासून मिरजेपर्यंतच्या पोरांनी मुंबईच्या गल्लीतली हिंदी उचलली. २०२३ साली पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन बिग बॉस जिंकला आणि गळ्यात साखळ्या आल्या. व्हिडिओत पिस्तूल, तलवारीनं कापलेला केक, भाड्यानं आणलेली काळी गाडी. ज्या गाडीचा हप्ता आपल्या बापाला सात जन्मांत जमणार नाही तिच्या बॉनेटवर बसून तुम्ही कुणाला गरिबी सांगताय? स्टॅन आपल्या रस्त्याबद्दल बोलला म्हणून लोकांनी ऐकलं. तुम्ही त्याच्या रस्त्याबद्दल बोलताय. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, हंड्रेड आरबीएच, हसल या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेच्या मंचावर गेला तो स्वतःच्या गावासकट गेला. मुंबईत स्वदेशी या गटातला एमसी मवाली मराठीत बोलतो, आणि त्या गटानं आरेच्या जंगलावर आणि वारल्यांवर गाणं केलं ते तिथल्या आदिवासी प्रकाश भोईरांना सोबत घेऊन. ही माणसं कुणाची नक्कल करत नाहीत.

तुमच्याकडं सांगण्यासारखं काय कमी आहे? खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला केरळपासून नेपाळपर्यंत जातात. गलाईच्या भट्टीपुढं धूर खाऊन त्यांची छाती जाते आणि गावात बंगला उभा राहतो. त्या बंगल्यात आजी एकटी असते. हे मी एकाही रॅपमध्ये ऐकलेलं नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्ही लहानपणी छतावर बसून पाहिलाय. ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली. कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून सातबारा शोधतेय आणि त्यांच्या बुडालेल्या गावांवर वीज तयार होऊन मुंबईला जातेय. २०२२ साली कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला, तेव्हा पाण्यावाचून वैतागलेल्या काही गावकऱ्यांनी 'जातो तिकडं' असं उघड म्हटलं. जतचा पोरगा घरी कानडी आणि शाळेत मराठी बोलतो. दोन भाषा एका ओळीत घोळवणारा पहिला मोठा रॅपर तिथून यायला हवा होता. पहाटे चारला बायपासवर पळणारी पोलीस भरतीची पोरं, अभ्यासिकेत वयाची तिशी ओलांडलेली एमपीएससीची पोरं, ऊसतोडीच्या कोपीत अंगठ्यानं रील बघणारं पोर. आणि तुम्ही लिहिता काय, तर 'दुश्मन जळतो'. कोण दुश्मन? नाव घ्या त्याचं.

कारागिरीबद्दलही बोलतो, कारण कवीशी मी ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत तुमच्याशी बोलणं हा तुमचा मान आहे. तुम्ही प्रत्ययावर यमक मारता. करतो-जातो, आला-गेला, माझी-तुझी. मराठीत प्रत्यय सारखे असल्यानं हे फुकट मिळतं, आणि फुकट मिळालेलं ऐकणाऱ्याला कळतं. धातूवर यमक मारा, शब्दाच्या पोटात मारा. आपल्या बोलीत शब्दाचा शेवट बऱ्याच वेळा व्यंजनावर आपटतो; ऊस, पूर, माणूस, साखर, चाबूक. ठोक्यावर बसायला याहून चांगली भाषा नाही. वाटेगावच्या, म्हसवडच्या, जतच्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. तिथं 'न्हाई' आणि 'लगा' यांना जी लय आहे ती पुण्याच्या स्टुडिओत सापडणार नाही.

ठोकाही तसाच. तुम्ही यूट्यूबवरून परदेशी बीट उचलता, कधी फुकट, कधी काही रुपयांच्या लीजवर, आणि त्याच बीटवर जगात अजून पन्नास पोरं बोलत असतात. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. गावोगावी हलगीवाले आहेत, त्यांच्या हातात सात-आठ चाली सहज असतात. त्यांच्याकडं जा. पण एक अट आहे. हलगीवाल्याला एका दुपारचे चार पैसे देऊन त्याचा ठोका कायमचा लुटू नका. त्याचं नाव गाण्याखाली लिहा आणि गाणं चाललं तर त्याचा वाटा द्या. हलगी ज्या हातांनी वाजवली त्या हातांना या समाजानं कधी नीट पैसे दिले नाहीत. तुम्ही तेच करणार असाल तर क्रांतीची भाषा बंद करा.

आणि स्वतःचं लुटू देऊ नका. पठ्ठे बापूरावांनी दोन लाख लावण्या केल्या असं सांगितलं जातं. हाताशी त्यातल्या थोड्याच उरल्यात. १९४५ साली पुण्यात ते गेले ते हलाखीत. ज्यांनी त्यांच्या लावण्यांवर थिएटरं भरवली ते हलाखीत गेले नाहीत. तुमच्यापुढं आता कंपन्या करार ठेवतील, इंग्रजीत, सोळा पानांचे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आहे. सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा त्याला कंपनीला लिहून देता येत नाही, दिला तरी तो करार त्यापुरता रद्द ठरतो. वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला तो देता येतो. हे तुम्हाला कुणी सांगितलंय? सांगायचं काम आमचं होतं. या मंडपात वकील आहेत, प्रकाशक आहेत, आयुष्यभर करार वाचलेले लेखक आहेत. सही करण्याआधी पोरानं यांच्यातल्या कुणाचंही दार वाजवावं आणि दार उघडलं जावं, एवढं आपण नक्की करू शकतो.

काही प्राध्यापक मित्र म्हणतील, आधी यांनी दर्जा सिद्ध करावा, मग वर्गात घेऊ. अमेरिकन रॅपर केंड्रिक लामारच्या 'डॅम' या अल्बमला २०१८ साली संगीताचं पुलित्झर मिळालं. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी त्याची वाट बघितली नव्हती. त्याआधी कित्येक वर्षं त्यांच्या वर्गांत रॅपच्या ओळी फळ्यावर लिहून तपासल्या जात होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती ज्यांना वर्गात जागा नव्हती त्यांच्यासाठी. सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांना माझं सांगणं आहे: पुढच्या वर्षी एक पेपर घ्या, या दोन जिल्ह्यांतली रॅप उतरवून काढा, कागदावर आणा, अर्थ लावा, चुका दाखवा. वाईट असेल तर वाईट म्हणा, पण ओळ समोर ठेवून म्हणा. न ऐकता दिलेला निकाल मी मानत नाही.

एक तपशील सांगून माझं बोलणं थांबवतो. संयोजकांशी काल रात्री उशिरापर्यंत बोललो, आवाजही चढले. उद्या दुपारी दोनच्या कविसंमेलनात चार रॅपर बसतील, कवींच्या रांगेत, त्याच खुर्च्यांवर. प्रत्येकी सात मिनिटं, कवींना आहेत तेवढीच. मानधन तेवढंच. दोघांना ठोका लागतो, दोघं नुसतं म्हणणार आहेत. हलगीवाले लेंगरेहून येतील, त्यांचं मानधन वेगळं ठरलंय आणि पत्रिकेवर त्यांची नावं छापून येतील. संमेलन संपलं की चौघांच्या रचना लिखित स्वरूपात स्मरणिकेत जातील, शुद्धलेखन त्यांच्या बोलीप्रमाणं ठेवून. ज्येष्ठ कवींना माझी विनंती आहे की पोरांचं झाल्यावर उठून चहाला जाऊ नये. बसावं, ऐकावं, आणि ज्यांना ओळ खटकली त्यांनी तिथंच, माइकवर, ती ओळ म्हणून दाखवून पोराला विचारावं. पोरांनीही उत्तर तयार ठेवून यावं.